टेबलावर फोडलेला नारळ

लोणावळ्यात मला ओळखणारी माणसं पुष्कळ होती, पण माझ्या हुशारीमुळे ओळखणारं त्यात कोणी नव्हतं. मी रेल्वेच्या इंजिनांच्या लोको शेडच्या ऑफिसात कारकून होतो, आणि कारकुनाची हुशारी त्याच्या टेबलाच्या कडेपर्यंतच पोचते. माझं नाव झालं ते दुसऱ्याच एका टेबलामुळे. "नारळवाले अण्णा ते हेच का?" असं बाजारात एकाने विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे, आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसून गप्प केलेलंही पाहिलं आहे. तेव्हा ती हकिगत मीच सांगून टाकलेली बरी. लोकांनी नारळांची संख्या पाचावर नेली आहे. नारळ एकच होता.

त्या काळी आमच्या रेल्वे वस्तीत करमणुकीच्या जागा दोन होत्या. रुळांच्या वरच्या अंगाला, झाडीत, साहेबांची इन्स्टिट्यूट. तिला लाकडी जमीन, पियानो, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आणि आतल्या खोलीत बिलियर्डचं टेबल. फाटकावर पाटी होती की ही जागा युरोपियन व अँग्लो-इंडियन नोकरांसाठी आहे. रुळांच्या खालच्या अंगाला, शेडच्या काजळीत, आमची इन्स्टिट्यूट. तिला पत्रा, एक सतरंजी आणि एक कॅरम. मेलगाडी चालवणारे ड्रायव्हर वरच्या इन्स्टिट्यूटचे. घाटात मालगाडीला मागून ढकलणारं इंजिन चालवणारे आमचे. म्हणजे साहेब गाडी ओढायचा आणि आम्ही ढकलायचो, पण डाक वेळेवर पोचली की शाबासकी ओढणाऱ्याला.

आम्ही दरवर्षी अर्ज करायचो की एकाच रेल्वेच्या नोकरांना एकच इन्स्टिट्यूट असावी. अर्जाचं इंग्रजी माझं. एका वर्षी मी त्यात न्याय, बंधुभाव, मानवता असे सगळे शब्द घातले आणि तो सगळ्यांना दोनदा वाचून दाखवला. उत्तरादाखल साहेबाने कॅरमसाठी पावडरचे दोन डबे पाठवले. आम्ही ते घेतले. पावडर चांगली होती.

मला मात्र वरच्या इन्स्टिट्यूटमध्ये जायला मिळायचं, मागच्या दाराने. मेंबरांच्या पगारातून कापायच्या वर्गणीचे कागद घेऊन मी दुपारी जायचो. त्या वेळी आत मार्करखेरीज कोणी नसे.

मार्कर म्हणजे बिलियर्डच्या खोलीतला नोकर. खेळणाऱ्याला काठी द्यायची, काठीच्या टोकाला निळा खडू लावायचा, भिंतीवरच्या फळीवर गुणांचे काटे सरकवायचे. हा गडी जवळच्या औंढे गावचा. घरी भाताची खाचरं, भाऊ शेती बघायचे, आणि हा लहानपणीच चेंडू गोळा करायला म्हणून लागला तो त्या खोलीतच मोठा झाला. पांढरा कोट, लाल पट्टा, पितळी बिल्ला. मिश्या इतक्या काळजीने राखलेल्या की मला वाटे तो टेबलाचाच ब्रश मिश्यांनाही फिरवत असावा. भारी बढाईखोर माणूस. औंढ्यात तो सांगायचा की साहेब त्याला विचारल्याशिवाय जेवत नाही.

टेबलाचं मात्र तो बाळंतिणीसारखं करायचा. लोणावळ्याच्या पावसात भिंतींना शेवाळ येतं, तिथे त्या हिरव्या लोकरी कापडाची काय कथा. पावसाळाभर तो टेबलाखाली शेगडी ठेवी. रोज ब्रश, मग कोळशाची इस्त्री, तीही एकाच दिशेने. मी एकदा सहज कापडावर हात फिरवला तर त्याने माझा हात उचलून बाजूला ठेवला, मांजर उचलून ठेवावं तसा.

"अण्णा, हे काय सतरंजी न्हाई. खाली शिळा हाय, आख्खी दगडाची शिळा. वर ही लोकर. पाण्याचा एक थेंब पडला तर चेंडू तितं अडखळतो."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. फक्त त्यातला अर्धा भाग, हे पुढे कळेल.

साहेबांपैकी कोणाला जोडीदार मिळाला नाही की मार्करने खेळायचं, अशी तिथली चाल. आणि खेळलं की हरायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण जिंकणारा मार्कर फार दिवस मार्कर राहत नसे. हरायचंही बेताने. फार हरला तर साहेबाला मजा नाही, जिंकला तर साहेबाला राग. थोडक्यात हुकलं असं दिसलं पाहिजे.

"मग तू हरतोस कसा?" मी एका दुपारी विचारलं.

त्याने काठी घेतली. डावा हात कापडावर टेकवून अंगठा आणि बोट यांच्या खोबणीत काठी धरली. "हे बगा. समदं सरळ करायचं. नेम बी सरळ. आन् शेवटच्या टायमाला ह्यो आंगठा, जरासा, तिळाएवढा वर घ्यायचा. काठी हालती. कुणाला दिसत न्हाई. झालं, साब जिकला."

त्याने दोनदा करून दाखवलं. दोन्ही वेळा चेंडू कोपऱ्यातल्या भोकाच्या, जाळीच्या ओठावरून परतला.

"आणि अंगठा नाही उचलला तर?"

"तर जिकीन की." मग मिशीला हात लावून म्हणाला, "जिकीन आसं वाटतं. कदी खेळलोच न्हाई ना तसा. येकदा खेळायचं हाय, अण्णा. मेलच्या डायवरसाबाबर. येकदाच, सरळ."

हा मेलचा ड्रायव्हर म्हणजे वरच्या इन्स्टिट्यूटचा बिलियर्डमधला राजा. जिंकणाऱ्यांच्या फळीवर सोनेरी अक्षरात दरवर्षी त्याचंच नाव. वर्णाने माझ्याहून किंचित उजळ, म्हणजे फार नाही. इंग्लंडला तो 'होम' म्हणायचा. जन्म त्याचा इगतपुरीचा. होम त्याने चित्रातसुद्धा नीट पाहिलं होतं की नाही कोण जाणे. फळीवर मार्करचं नाव कुठेच नव्हतं, आणि सगळे सराव मार्करशीच झाले होते.

मग स्वातंत्र्य आलं. ते आलं त्या दिवशी आमच्याकडे नेहमीसारखा पाऊस होता आणि झेंडा ओला होऊन काठीला चिकटला, तो मीच बांबूने सोडवायला गेलो आणि काठीसकट आडवा केला. पण तो वेगळा विषय.

वरची इन्स्टिट्यूट सर्वांना खुली झाली ती आमच्या एकाही अर्जामुळे नाही. साहेब निघून चालले होते. आज एक बंगला रिकामा, उद्या दुसरा. वर्गणी भरायला माणसं उरली नाहीत, तेव्हा वरून हुकूम आला की दोन्ही इन्स्टिट्यूट एक करा. एक रंगारी आला, पाटीवरचे शब्द पांढऱ्या रंगाने झाकून गेला. ज्या दारासाठी आम्ही इतकी वर्षं न्याय आणि बंधुभाव खर्ची घातला, ते दार आतली माणसं संपल्यामुळे उघडलं. मी आत गेलो तेव्हा सवयीने मागच्याच दाराने गेलो. पुढचं दार उघडं आहे हे आत गेल्यावर लक्षात आलं.

मार्कर वाटच पाहत होता. "अण्णा, आता मी बी मेंबर व्हणार का?"

"अरे, आता सगळेच!" मी हात पसरून म्हणालो. माझे हात असे पसरले की समजावं, काही तरी सांडणार.

नव्या कमिटीची सभा झाली. मला चिटणीस केलं, कारण मी बोलतो फार. मेंबर कोण, हा पहिला प्रश्न. ऑफिसातले सगळे, हे ठरलं. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, ठरलं. शेडमध्ये ओझी उचलणारे खलाशी आणि झाडूवाले? तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की जागा लहान आहे. "हळूहळू घेऊ," हेडक्लार्क म्हणाले. मग मी मार्करचं नाव काढलं.

"मार्कर मेंबर झाला तर मार्किंग कोण करणार?" हेडक्लार्कांनी विचारलं.

मी तो प्रश्न सभेच्या वहीत लिहून घेतला. मार्करला वगळायचं म्हणून हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे वर गेले आणि बघतो तो त्यांत माझाही होता.

मार्करला मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू."

"पुढल्या सालाला डायवरसाब आसल का?" एवढंच त्याने विचारलं. नसणार होता. त्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात पोचला होता, म्हाताऱ्याचं सामान मुंबईला गेलं होतं आणि दिवाळीच्या आत तो बोटीवर चढणार होता.

नवलाची गोष्ट अशी की तो म्हाताराच आपणहून आला. इन्स्टिट्यूटच्या अंगणात टोपी हातात घेऊन उभा. कोणत्या दाराने आत यावं हे आता त्याला कळेना. मला म्हणाला, "बाबू, जाने से पहले एक गेम माँगता. मार्कर के साथ. सीधा गेम."

मी कमिटीत भांडलो, हेही सांगून ठेवतो, नाही तर तुम्हाला वाटेल मी नुसता हातच वर करतो. शेवटी तडजोड झाली. दसऱ्याला एक झालेल्या इन्स्टिट्यूटचं उद्घाटन आहे, तेव्हा करमणूक म्हणून एक सामना होऊ द्या. मार्करने त्याच्या पांढऱ्या कोटातच खेळावं. आणि मार्किंग चिटणिसाने करावं.

मार्करला सांगितलं तेव्हा त्याने बढाई मारली नाही. मला त्याचीच भीती वाटली. तो गेला आणि शेगडीत कोळसे घालू लागला.

आता दसरा. आमच्या शेडमध्ये दसऱ्याला इंजिनांची पूजा होते. हत्यारं धुऊनपुसून मांडतात, इंजिनाला झेंडूच्या माळा, बफरवर नारळ. मी त्या सकाळी शेडमधून झेंडूच्या वासातच वर आलो आणि टेबलाकडे पाहून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याच्यावर आपण काम करतो त्याची पूजा, मग ज्याच्यावर खेळणार त्याची का नको? साहेबांच्या बुटांनी बाटलेली वास्तू, तिची शुद्धीही होईल. कमिटीला ही कल्पना इतकी आवडली की मला आयुष्यात प्रथमच एकमताने पाठिंबा मिळाला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मार्कर तेवढा कासावीस झाला. देवाच्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. "अण्णा, नारळ बाहीर पायरीवं फोडू. हितं नगं."

"अरे, इंजिनाचा नारळ बफरवर फोडतात की शेडच्या पायरीवर?"

"बफर लोखंडाचा हाय, अण्णा."

"आणि हे? तूच म्हणालास ना, खाली शिळा आहे म्हणून! मग शिळेवर नारळ फोडायचा नाही तर कशावर?"

हा युक्तिवाद ऐकून मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हेडक्लार्क म्हणाले, "अण्णा वकील व्हायचे."

टेबलाला झेंडूच्या माळा घातल्या. चार कोपऱ्यांच्या जाळ्यांत आपट्याची पानं. मधोमध मी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नारळ हाणला. फुटला नाही. लोकरीवर मऊ आपटला आणि उसळला. मार्करने डोळे मिटले. दुसऱ्यांदा जोर केला, तरी नाही. तेव्हा कोणी तरी मागून "बळ लावा, जेवला नाहीत का!" म्हणालं आणि मी दोन्ही हातांनी नारळ डोक्याच्या वर नेला.

पाणी भरपूर निघालं. नारळ पारखून आणला होता, कानाशी हलवून, मीच.

पाणी हळदकुंकवात मिसळून कापडावर पसरलं. मंडळी "मंगलमूर्ती मोरया" म्हणाली. मार्करने खांद्यावरचा पंचा टाकला, वर दोन्ही तळवे दाबून धरले आणि तसाच उभा राहिला, जखमेतून रक्त थांबवावं तसा. मग इस्त्री आणली. लोकरीचा आणि खोबऱ्याचा मिळून एक विचित्र करपट वास सुटला. डाग गेला नाही. मधोमध पुरणपोळीएवढा पिवळा तांबूस डाग, कापड तिथे आक्रसून खरखरीत झालेलं.

"पुढं ढकलू या," मी म्हणालो.

म्हातारा ड्रायव्हर टेबलाकडे पाहत होता. "आज नहीं तो कभी नहीं, बाबू," तो म्हणाला.

"खेळू," मार्कर म्हणाला. "डागाच्या कडंकडंनं खेळू."

खेळ असा की आळीपाळीने काठी मारायची आणि शंभर गुण आधी करील तो जिंकला. मी फळीपाशी उभा राहून काटे सरकवत होतो. पहिल्यांदा साहेबाचे गुण मार्करच्या नावावर चढवले, मग घाईने उलट केलं. मार्करने न वळताच "वरचा काटा साबाचा, अण्णा" असं सांगितलं. त्यानंतर मी चुकलो नाही, कारण काटे आपोआप हात सरकवत होता, मी नुसता खेळ पाहत होतो. तो खरंच खेळत होता. दोघंही डाग चुकवत खेळत होते, विहिरीच्या काठावरून चालावं तसे. साहेब पुढे, मग मार्कर, मग साहेब. आमची माणसं प्रथम गप्पा मारत होती, मग टेबलाभोवती सरकली. मागच्या दारात खलाशी जमले होते. आत यायला त्यांना परवानगी नव्हती आणि जा म्हणायला कोणाला सुचलं नाही. त्यांच्यातला एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "मार, गड्या!"

शेवटी असं झालं की साहेबाला दोन गुण हवे आणि मार्करला तीन, आणि पाळी मार्करची. लाल चेंडू जाळीत गेला की तीन. लाल चेंडू कोपऱ्यापासून हातभर होता. सोपा. पण काठी मारायचा पांढरा चेंडू पलीकडे, आणि मधे, वाटेला खेटून, डागाची कड.

त्याने खडू लावला. वाकला. डावा हात टेकवला. मी त्या हातापासून दोन पावलांवर होतो. नेम सरळ होता, हे शपथेवर सांगतो.

आणि काठी सुटताना अंगठा वर गेला. तिळाएवढा.

पांढरा चेंडू डागाच्या कडेवरून गेला, तिथे किंचित अडखळला, लाल चेंडूला हवा होता त्याहून मधे लागला. लाल चेंडू जाळीच्या ओठापर्यंत गेला आणि परतला.

साहेबाने आपले दोन गुण केले. टाळ्या झाल्या. म्हातारा मार्करजवळ आला आणि हळू आवाजात त्याने विचारलं, "तुमने छोड़ दिया?"

"न्हाई साब."

"सच बोलो. छोड़ दिया?" त्याचा आवाज चढला. "इतना साल... एक भी गेम मैं सच्चा जीता क्या?"

मार्कर काठी धरून उभा. तो साहेबाकडे पाहत नव्हता, आपल्या हाताकडे पाहत होता, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "नारळ, साब," तो म्हणाला. "नारळाचं पाणी लागलं. अण्णांनी बगितलंय. व्हय ना अण्णा?"

"होय," मी म्हणालो. "नारळामुळेच. चेंडू डागावर अडखळला."

साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं की आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या माणसालाही ते पुरेल. मग टोपी घातली आणि मागच्या दाराने, खलाशांच्या मधून, निघून गेला. आठवड्याने त्याचा बंगला रिकामा झाला.

टेबलाचं नवं कापड विलायतेहून मागवायचं होतं. आम्ही मागणी केली. उत्तर आलं की ह्या बाबीला आता तरतूद नाही. पावडरचे डबेसुद्धा कोणी पाठवले नाहीत. कापड तसंच राहिलं, आणि आमचे मेंबर त्यावर खेळू लागले. मग नवे अधिकारी बदलून आले, आपलेच, त्यांना बिलियर्ड खेळण्याची फार हौस आणि जोडीदार मिळत नसे. तेव्हा मार्करला बोलावणं येई. त्याने त्यांच्याशी काय करायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तो पट्टा बांधून जाई आणि थोडक्यात हरे.

"गोऱ्या साबाबर हरणं सोपं हुतं, अण्णा," तो एकदा मला म्हणाला. "त्याला खेळता यायचं. ह्यांच्याबर हरायचं म्हंजी लय कष्ट. चेंडू आपणच त्यांच्या म्होरं नेऊन ठेवावा लागतो."

मी हसलो. तोही हसला. मेंबर करण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही. पुढचं वर्ष आलं आणि गेलं. खलाशांनाही आम्ही अजून हळूहळूच घेत होतो.

एका पावसाळ्यात शेगडी बंद झाली, कोळशाचा खर्च कमिटीला परवडेना. कापडाला बुरशी आली. टेबलावर फळ्या टाकून सभेची जागा केली आणि मार्करला चहाच्या कामाला लावलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याने चहा दिला. मग कोट, पट्टा, बिल्ला माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि औंढ्याला भावांकडे निघाला. मी त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो.

भाताची लावणी चालली होती. डावा हात समोर धरून त्याने अंगठा खाली दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"अण्णा, खरं सांगा. तुमी जवळ हुता. नारळच ना?"

माझ्या सगळ्या घोडचुकांमध्ये उपयोगाची अशी ही एकच निघाली, तेव्हा ती मी घट्ट धरून ठेवली.

"नारळच रे बाबा. दुसरं काय? त्यात पाणी किती होतं, पाहिलंस ना."

"व्हय," तो म्हणाला. "पाणी लय हुतं." आणि एवढं म्हणून झाल्यावरही तो निघेना, हाताकडे बघत तिथेच उभा राहिला.